ब्लँक कुठंय, विलास?

विलास,

तुझ्या दहाव्याला नदीवर तुझा सख्खा भाऊ दामूदादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचा इलास देवमाणूस व्हता." बायांनी डोळ्याला पदर लावला. मीही मान हलवली, कारण तिथं दुसरं काही करता येत नाही. पण तू देवमाणूस नव्हतास. मुरबाडच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मालाची तपासणी केलेला माणूस होतास, आणि जिथं ते काम सगळ्यात जास्त लागत होतं तिथंच ते तू केलं नाहीस. मला तुझा राग आला आहे. तुझा तेरावा होऊन तीन दिवस झाले तरी तो उतरत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, सदाभाऊ खचलाय. खचलेला माणूस गप्प बसतो. मी गेले पंधरा दिवस घरात भांडी आपटतोय.

ब्लँक म्हणजे काय हे तुला सांगणं म्हणजे कहरच आहे. पण हे कुंदावहिनी वाचणार आहेत, आणि दामूदादालाही कुणीतरी वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून सांगतो. वाण्याकडं तेलाला बरणी नेली की तो आधी रिकामी बरणी तोलून तिचा धडा करतो, मग तेल ओततो. धडा केला नाही तर बरणीचं वजनही तेलात धरलं जातं. प्रयोगशाळेत तसंच. तपासणीला जी रसायनं लागतात ती सगळी घ्यायची, तेवढीच, त्याच क्रमानं. फक्त माल घालायचा नाही. माल नसताना जो आकडा येतो तो ब्लँक. खऱ्या आकड्यातून तो वजा करायचा. आणि ब्लँकचाच आकडा मालाइतका आला, तर समजायचं की आपण माल मोजतच नव्हतो, आपलीच रसायनं मोजत बसलो होतो.

एवढंच शास्त्र आहे. हे तू मला शिकवलंस. वयानं मी तुझ्याएवढाच, कारखान्यात मात्र तुझ्यामागून तीन वर्षांनी आलो. एका संध्याकाळी बसची वेळ झाली होती आणि मी कागदावर कालचाच ब्लँक उतरवला होता. तू सहीला आलास आणि बोट ठेवलंस.

"ब्लँक कुठंय?"

"आहे की. ०.३."

"हा कालचा. पाणी कालचंच हाय?"

"कॅन बदललाय. पण डिस्टिल्डच आहे ना रे."

"मग काढ."

"विलास, बस जाईल."

"जाऊ दे. बस काय बॅच पास करनार नाय. तू करनारेस."

मी शिव्या देत ब्लँक काढला. ०.९ आला. नव्या कॅनमध्येच काहीतरी होतं. ते वजा केल्यावर पास होणारी बॅच नापास झाली. बस गेली. सरळगावपर्यंत एका टेम्पोत पोत्यांवर बसून आलो आणि तिथं दोन तास गाडीची वाट बघत उभे राहिलो. तू कागदातली भजी खात हसत होतास. मी म्हणालो, "०.६ मिलीसाठी माझं जेवण घालवलंस." तू म्हणालास, "जेवण उद्या पन मिळंल. सही एकदाच व्हते."

त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या कागदावर उसना ब्लँक नाही. घरातसुद्धा नाही. माझी बायको शैला दळण घरी आलं की विचारते, "डबा वजा केलास ना?" ती चेष्टा करते. मी डबा वजा केलेलाच असतो. ही सवय तुझी देणगी आहे आणि तिच्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. पण देणगी देणारानं स्वतःकडं काहीच ठेवू नये का रे?

तुझे डोळे पिवळे झालेत हे पहिल्यांदा मला दिसलं, कुंदावहिनींना नाही. त्या मंगळवारी तू ब्युरेटसमोर वाकला होतास. खाली पांढरी टाइल, टाइलवर फ्लास्क. रंग पालटतो तो एन्ड पॉइंट; तो नीट दिसावा म्हणून ती टाइल ठेवतात. तू मान वर केलीस आणि त्या पांढऱ्याच्या वर तुझे डोळे आले. मी म्हणालो, "विलास, कावीळ आहे तुला." तू फ्लास्क हलवत म्हणालास, "एन्ड पॉइंट येऊ दे, मग बोल."

बुधवारी तुला शहापूरला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. बाजूच्या पॅथॉलॉजीत रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला. बिलिरुबिन साडेसहा, ते एकच्या आसपास हवं. डॉक्टरांनी कागद पाहून आपल्या दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, "रविवारी परत रक्त तपासा. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते, घाबरू नका. पण उलट्या वाढल्या, दिवसा झोप येऊन रात्री जागरण व्हायला लागलं, बोलणं अडखळलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वाट बघायची नाही." मला शब्द न् शब्द आठवतो. तुलाही आठवत असणार, तू आकडे आणि सूचना विसरणारा नव्हतास.

तिथून निघून तू परत पॅथॉलॉजीत गेलास. काउंटरवर एक बाई बसली होती, चष्मा कपाळावर. तू रिपोर्ट तिच्यासमोर ठेवलास.

"कंट्रोल लावला होता का आज?"

"काय?"

"ज्याचा आकडा आधीच म्हायत असतो ते सॅम्पल. मशीन बरोबर वाचतंय का बघायला लावतात ते."

"काका, तुमी रिपोर्ट घेताय का आमची परीक्षा घेताय?"

"परीक्षाच समजा."

ती हसली. बिचारी चिडली नाही. म्हणाली, "रजिस्टर आतल्या कपाटात आहे. किल्ली सरांकडं. सर जेवायला गेलेत, धा मिनिटं बसा, आल्यावर दाखवते."

तू बसला नाहीस. पायऱ्या उतरताना मला म्हणालास, "उत्तर नाय म्हंजे कंट्रोल नाय. आणि एका रीडिंगवर मी निर्णय घेत नाय." मला त्या वेळी तुझं कौतुक वाटलं, हे कबूल करतो. मनात म्हटलं, बघा, आजारातसुद्धा माणूस पक्का आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तू माझ्या मोटारसायकलवर मागं बसून मुरबाडच्या अंगाला, डोंगराखालच्या एका पाड्यावर, एका बाबाकडं कावीळ उतरवायला निघालास.

दामूदादानं ठरवलं होतं. तुमच्या आईची कावीळ याच बाबाच्या बापानं उतरवली होती. बाबा पैसे घेत नाही, नारळ घेतो, तोही फोडून सगळ्यांना वाटतो. अंगणात पाट मांडला. पितळेची परात, परातीत चुन्याची निवळी. बाबानं एका गाडग्यातलं तांबूस पाणी तुझ्या हातांवर कोपरापर्यंत चोळलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि हात परातीत धुवायला सांगितले. परातीतलं पाणी पिवळं झालं. चांगलं गडद. तू माझ्याकडं बघून डोळा मारलास, "पोटॅशियम क्रोमेट." आपल्या प्रयोगशाळेतलं पिवळं रसायन.

मी हसलो. विलास, आपण दोघं हसलो. दोघांचं मिळून एकेचाळीस वर्षांचं काम, आणि आपण पिवळ्या परातीत पिवळं पाणी बघत हसत होतो. पांढरी टाइल नाही, तेही आपल्या ध्यानात आलं नाही.

रविवारी रक्त परत तपासायचा दिवस होता. त्या दिवशी तू दुसऱ्या बैठकीला आलास. पाणी पिवळं झालं, पण पहिल्यापेक्षा फिकं. बुधवारी तिसरी बैठक. पाणी पेंढ्याच्या रंगाचं, जेमतेम. परत येताना किन्हवलीत चहाला थांबलो. तू बशीत चहा ओतलास आणि म्हणालास, "तीन रीडिंग झाली, सदा. उतरता क्रम हाय."

आणि मी म्हणालो, "हो."

त्याहून वाईट सांगतो, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी मनात गणित केलं. पहिल्याचं दुसऱ्यात निम्मं, दुसऱ्याचं तिसऱ्यात निम्मं. म्हणजे अजून दोन बैठकांत शून्य. डोळ्यांनी पाहिलेल्या रंगाला मी आकडे दिले, आकड्यांची रेघ ओढली आणि रेघ पुढं वाढवली. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी तो कागद फाडला असता.

आणि एक. किन्हवलीच्या पुढं तू मागं बसल्याबसल्या झोपलास. तुझं कपाळ माझ्या पाठीवर दोनदा आपटलं. दुपारचे चार वाजले होते. मी ओरडलो, "धरून बस रे," तर तू काहीतरी बोललास, ते मला समजलं नाही. वाऱ्यामुळं असेल, म्हटलं. रात्री झोप लागली नसेल, म्हटलं. डॉक्टरांनी मोजून तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतल्या दोन माझ्या पाठीवर आपटत होत्या. परातीचं फिकं पाणी मी नोंदवलं आणि हे नोंदवलं नाही. जे पाहिजे होतं त्याच्याशी जुळत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. असं करणाऱ्याला तू काय म्हणायचास ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

शुक्रवारी सकाळी तू कुंदावहिनींना ओळखेनास. शहापूरहून ठाण्याला नेलं. तिथं आकडा बावीसच्या वर होता. तिथल्या डॉक्टरीणबाई दोन दिवस झोपलेल्या दिसत नव्हत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच सांगते. वाचले असते असं म्हणत नाही." रविवारी पहाटे तू गेलास.

मीही म्हणत नाही. तू नक्की वाचला असतास, असं मी लिहिणार नाही. ते सिद्ध करायला दुसरा विलास लागतो, त्याच वयाचा, त्याच दुखण्याचा, जो तिसऱ्या बैठकीच्या बुधवारीच दवाखान्यात गेला. तो मला कुठून मिळणार? तुझं एकच रीडिंग होतं आणि ते तू वाया घालवलंस.

अंत्ययात्रेहून आल्यावर ओटीवर लोक बसले होते. दामूदादा म्हणाला, "पाणी फिकं झालं व्हतं. सदानं सोताच्या डोळ्यांनी बघितलं. चौथी बैठक राहिली, नि दवाखान्यात नेला. तिथं नेला नि संपला." आतून कुंदावहिनींनी विचारलं, "हो का भाऊजी? पाणी खरंच फिकं झालं व्हतं?" दारात उभं राहून मी म्हणालो, "झालं होतं." ते खरं होतं. खरं बोलून माणूस किती खोटं बोलू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी एकटाच पाड्यावर गेलो. बाबा अंगणात बसून दोरी वळत होता. तू गेलास हे त्याला कळलेलं होतं. त्यानं मला पाणी दिलं. मी म्हणालो, "बाबा, माझी कावीळ उतरवा."

"तुला कुठं हाय?"

"नाही. तरी करा."

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं, पण नाही म्हणाला नाही. परात मांडली, हात चोळले. पाणी पिवळं झालं. तुझ्या पहिल्या बैठकीसारखं, गडद.

"मला नाहीये, बाबा. मग हे काय?"

तो जरा घोटाळला. मग म्हणाला, "तुला पन असंल, आतून. थोडी समद्यांनाच असते."

ज्याला आहे त्याचं पिवळं, ज्याला नाही त्याचंही पिवळं, आणि नाही त्यालाही आतून आहेच. मी गाडग्याकडं बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

"आंब्याची साल. भिजवलेली. लपवन्यासारखं काय हाय त्यात? माझा बाप हेच वापरायचा."

"रोज नवी घालता?"

"दर गुरवारी. मंग आठवडाभर तीच. वरून पानी घालायचं."

दर गुरुवारी, विलास. तुझी पहिली बैठक गुरुवारी, दुसरी रविवारी, तिसरी बुधवारी. आपण तुझी कावीळ उतरताना बघत नव्हतो. आपण एका गाडग्यातली साल धुऊन निघताना बघत होतो.

बाबाचा मला राग नाही. तो कुणाला फसवत नव्हता. त्याच्या अंगणात येणाऱ्या दहांतले बरेचजण पुढं बरे होतात, कारण ते कुठंही न जाताही बरे झाले असते. बापानं दिलेलं तो हातचं काही न राखता करतो. त्याला ब्लँक नावाची गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. तुला माहीत होती. पॅथॉलॉजीतल्या त्या बाईला तू कंट्रोल विचारलास, आणि बाबाला काहीच विचारलं नाहीस. का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तिच्याकडं आकडा होता आणि तो तुला नको होता. बाबाकडं तुला पाहिजे तेवढंच होतं. जो निकाल नावडतो त्याची कसून तपासणी करायची आणि जो आवडतो त्याला नारळ द्यायचा. हे बाबाकडून शिकण्यासारखं नव्हतं. हे तू आपलं आपण केलंस. तू घाबरला होतास. घाबरलोय असं म्हणाला असतास तर मी तुला खांद्यावर टाकून नेलं असतं. पण तू तपासनिसाचा आव आणलास, आणि मी तुझ्या सहीवर सही केली.

इथंच हे संपलं असतं तर मी नुसता चिडून बसलो असतो. पण दहाव्याला नदीवरून परत आलो आणि कुंदावहिनींनी चहाचा कप पुढं केला. तुझ्या प्रयोगशाळेतली ती कोपरा उडालेली टाइल आठवते? टाकून देत होते म्हणून तू घरी आणलीस, वहिनी तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवतात. पातेलं उचलायला त्या वाकल्या आणि मला तेच दिसलं जे त्या मंगळवारी दिसलं होतं.

घरचं पाणी एकच, पिणारे दोघं. मी तिथल्या तिथं म्हणालो, "वहिनी, उद्या शहापूरला चला." दामूदादा आतून बाहेर आला. "सुतकात बाईमानूस घराच्या बाहेर पडनार? तेरावा होऊ दे. तेरावा झाला का मी नेतो तिला बाबाकडं. या टायमाला एक पन बैठक चुकवायची नाय."

वहिनी म्हणाल्या, "दादा बोलतात तसंच करते, भाऊजी. दवाखान्याचं नाव नको."

तुझ्या चुकीला आता पाय फुटले होते, विलास. ती घरातल्या दुसऱ्या माणसाकडं निघाली होती.

बुधवारी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. आमच्या परसातल्या आंब्याची साल सहा दिवस बाटलीत भिजत घातली होती. शैलाच्या पानाच्या डबीतला चुना घेतला, त्याची निवळी केली. दामूदादा ओटीवर होता. मी वहिनींना म्हणालो, "ती टाइल द्या, आणि तीन काचेचे पेले."

"काय करताव?"

"विलासनं करायचं राहिलेलं काम."

एक पेला टाइलवर ठेवला. त्यात निवळी ओतली. पाण्यासारखी स्वच्छ. मग चमच्यानं सालीचं पाणी घातलं. एक चमचा. पेल्यातलं पाणी पिवळं झालं. खाली पांढरी टाइल होती, त्यामुळं ते बाबाच्या परातीपेक्षा जास्त पिवळं दिसलं.

वहिनी बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यात हात कुनाचा हाय?"

"कुणाचाच नाही."

"मंग कावीळ कुनाची उतरली?"

"कुणाचीच नाही, वहिनी. आणि हे बघा." दुसऱ्या पेल्यात तेवढीच निवळी घेऊन मी अर्धा चमचा घातला. फिकं. तिसऱ्यात चार थेंब घातले. पेंढ्याचा रंग. तीन पेले ओळीनं मांडले. उतरता क्रम.

दामूदादा भडकला. "मयताच्या घरात खेळ मांडलास रे? शिकलास म्हनून आमाला येडं ठरवतंस?"

"नाही दादा. वेडे आम्ही दोघं ठरलो. शिकलेले. तिन्ही वेळा त्याला गाडीवर घेऊन गेलो तो मी. पाणी फिकं होतंय म्हणाला तेव्हा हो म्हणालो तो मी. येताना तो गाडीवर झोपत होता, बोलणं समजत नव्हतं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच सांगून ठेवलेलं असताना गप्प बसलो तोही मीच. तुम्ही त्याला बाबाकडं पाठवलंत, तुम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला विचारायचं ठाऊक होतं."

वहिनींनी तिसरा पेला उचलला, उजेडात धरला. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर फेकतील. फेकला असता तर बरं वाटलं असतं.

"यांना म्हायत व्हतं हे?"

"सालीचं माहीत नव्हतं," मी म्हणालो. "पण कसं शोधून काढायचं ते माहीत होतं. रोज तेच करायचा."

"बावीस वर्सं आमाला ब्लँक ब्लँक करून जीव खाल्ला." त्यांचा आवाज चढला. "भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलायचे, आधी पानी चाखलंवस का? नि सोताच्या टायमाला—" त्यांनी तिन्ही पेले मोरीत ओतले, खळखळून धुतले आणि पालथे घातले. मग लुगडं बदलायला आत गेल्या. दामूदादा म्हणाला, "गो कुंदा, सुतक हाय." आतून उत्तर आलं, "सुतक त्यांचं हाय, दादा. कावीळ माझी हाय."

मग दामूदादाच उठून रिक्षा बघायला गेला. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

वहिनींचा आकडा चार पूर्णांक एक आला. आज सकाळी परत तपासलं, दोन पूर्णांक आठ. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे, पाणी उकळून प्या, विश्रांती घ्या. दामूदादा लगेच म्हणाला, "उतरतंय!" मी म्हणालो, दोनच रीडिंग आहेत, मी काही म्हणणार नाही. गुरुवारी तिसरं आहे.

एक सांगायचं राहिलं. मुद्दाम शेवटी ठेवलं.

बुधवारी पॅथॉलॉजीत तीच बाई होती, चष्मा तसाच कपाळावर. वहिनींचं रक्त काढून झालं. मी पैसे द्यायला पुढं झालो, तर वहिनींनी मला बाजूला केलं आणि बाही खाली करत तिला विचारलं, "तुमी कंट्रोल का काय ते लावता का?"

ती बाई दचकली. मग माझ्याकडं बघून तिला आठवलं. "त्या दिवशीचे काका... ते नाय आले?"

तिनं वहिनींच्या कपाळाकडं बघितलं आणि तिला कळलं. ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. लांब हिरवं रजिस्टर आणून तिनं वहिनींसमोर ठेवलं. रोजची एक ओळ. ठरलेला आकडा, आलेला आकडा, खाली सही. "रोज सकाळी पहिलं तेच लावतो, काकी. पेशंट मागून."

वहिनींनी आजची ओळ बघितली आणि वही माझ्याकडं सरकवली. मी पानं मागं उलटली. तुझा बुधवार शोधला.

कंट्रोल लावलेला होता, विलास. आकडा बरोबर होता. सही होती. तुझे साडेसहा साडेसहाच होते.

०.६ मिलीसाठी तू मला सरळगावला दोन तास उभं केलंस. तिनं तुला दहा मिनिटं बस म्हटलं होतं.